रिकाम्या मिनिटांचा खुलासा

तासाला २०० फोन येतात आणि प्रत्येक फोन सरासरी तीन मिनिटं चालतो, तर ते घ्यायला किती माणसं बसवावी लागतील? शाळेतलं गणित दहा म्हणेल. पण दहा माणसं बसवली तर रांग कधी संपतच नाही, कारण फोन काही शिस्तीत एकामागोमाग येत नाहीत. झुंडीनं येतात, मध्येच सगळं सामसूम होतं, पुन्हा झुंड. अकरा माणसं बसवली तर फोन करणाऱ्याला सरासरी दोन मिनिटं ताटकळावं लागतं. बारा बसवली तर ४० सेकंद. चौदा बसवली तर जेमतेम आठ. हा हिशेब आग्नर एरलांग या डॅनिश गणितज्ञाचा. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत तो कामाला होता. १९०९ मध्ये त्याचा पहिला निबंध आला, १९१७ मध्ये पुढची सूत्रं, आणि शंभर वर्षं उलटली तरी कॉल सेंटरवाले किती माणसं लागतील ते त्याच्याच सूत्रानं ठरवतात.

पुण्यात बरीच वर्षं मी या गणितावर पोट भरलं. आधी फोन घेणारी म्हणून, नंतर फोन घेणाऱ्यांवर लक्ष ठेवणारी म्हणून. त्यामुळे एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते. एवढी नजर का ठेवतात, असं कुणी विचारलं की मालक लोक दुष्ट असतात, असं उत्तर माझ्या तोंडून येत नाही. वरचं गणित उलटं वाचून बघा. चौदा जणांतला एक पाणी प्यायला उठला, एक टॉयलेटला गेला, एकीच्या घरून फोन आला म्हणून ती बाहेर गेली, की राहिले अकरा. आठ सेकंदांची दोन मिनिटं झाली. तिकडे मँचेस्टरमधला कुणीतरी वैतागून फोन आपटतो. तीन माणसांची पाच मिनिटं खरोखरच एवढी महाग असतात. चौदाच्या जागी सतरा माणसं ठेवली तर हा प्रश्नच उरत नाही, पण मग इंग्लंडमधलं काम पुण्यात आणण्यात राम काय राहिला?

मी २००६ मध्ये कराडहून बीएस्सी करून आले. आमचं काम ब्रिटनच्या एका टेलिफोन कंपनीचं होतं. दुपारी दीडला सुरू होणारी पाळी, रात्री साडेदहाला सुटायची. फ्लोअरवर जाताना मोबाईल लॉकरमध्ये, पर्स लॉकरमध्ये, पेनसुद्धा लॉकरमध्ये. लिहून घ्यायला पांढरी पाटी आणि पुसून जाणारा मार्कर, तोही जाताना परत द्यायचा. नवीन मुलांना हे अपमानाचं वाटे. पण त्याला कारण होतं. आदल्याच वर्षी, २००५ मध्ये, पुण्यातल्याच एका बीपीओतल्या मुलांनी अमेरिकी बँकेच्या ग्राहकांचे पिन काढून घेऊन साडेतीन लाख डॉलरच्या आसपास रक्कम वळती केली होती. त्यानंतर शहरातल्या सगळ्या फ्लोअरवरची पेनं गेली.

आणि २००७ च्या नोव्हेंबरात ती बातमी आली. रात्रपाळीला निघालेल्या एका मुलीचा कंपनीच्याच कॅबच्या चालकानं आणि त्याच्या साथीदारानं खून केला. आमच्यातल्या कितीतरी जणींच्या घरून नोकरी सोडण्याचे फोन आले, मलाही आला. त्यानंतर मुलींच्या गाडीत गार्ड बसू लागला, गाड्यांना जीपीएस लागलं, घरी पोचल्यावर ‘पोचले’ म्हणून कळवायची पद्धत आली. हे सगळं आम्ही मागून घेतलं होतं आणि ते योग्यच होतं. गंमत पुढे झाली. वर्षा-दोन वर्षांत त्याच जीपीएसच्या नोंदीवरून गाडी गेटवर किती वाजता आली आणि तुम्ही फ्लोअरवर किती वाजता लॉगिन केलं, यातलं अंतर काढलं जाऊ लागलं. गाडी १:०८ ला आली, लॉगिन १:३१ ला झालं, मधली तेवीस मिनिटं कुठे होतात? यंत्र आणताना सांगितलेलं कारण आणि पुढे त्याचा होणारा उपयोग यांचं नातं फार दिवस टिकत नाही, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

आमच्या फोनवर एक बटण असे. फोन घेणार नसाल तर ते दाबायचं आणि कारणाचा आकडा निवडायचा. त्याला ‘ऑक्स’ म्हणत. एक म्हणजे ब्रेक, दोन जेवण, तीन मीटिंग, चार ट्रेनिंग, पाच कोचिंग, सहा सिस्टिम इश्यू. टॉयलेटला वेगळा आकडा नव्हता, तो ब्रेकमध्येच धरलेला. पंधरा मिनिटांचे दोन ब्रेक, अर्धा तास जेवण. यातून उरलेला प्रत्येक क्षण एकतर तुम्ही फोनवर होतात, नाहीतर फोनची वाट पाहत होतात, नाहीतर संपलेल्या फोनची नोंद करत होतात. चौथी अवस्थाच नव्हती.

मी दोन-अडीच वर्षांनी ‘रिअल टाइम’च्या टेबलावर गेले. पगार थोडा बरा आणि घसा वाचला. समोर दोन स्क्रीन. एका स्क्रीनवर रांगेत किती फोन आहेत ते, दुसऱ्यावर दीडशे-पावणेदोनशे नावं, प्रत्येकापुढे सध्याची अवस्था आणि ती सुरू होऊन झालेला वेळ. मर्यादा ओलांडली की ओळ पिवळी, आणखी पुढे गेली की लाल. माझं काम लाल ओळीच्या टीम लीडरला चॅटवर कळवण्याचं. ‘तुमचा अमुक ब्रेकमध्ये १९ मिनिटं.’ मग टीम लीडर त्या माणसाकडे जायचा. यात वाईट बोलणं, आरडाओरडा काही नसे. एवढंच विचारलं जाई, “काय झालं?”

या “काय झालं?”बद्दलच मला लिहायचं आहे. कारण लोकांना त्रास कॅमेऱ्याचा, स्क्रीनचा होतो असं सगळे धरून चालतात. माझा अनुभव तसा नाही. बघितलं जाण्याची सवय माणसाला होते. आठवड्याभरात होते. सवय होत नाही ती खुलासा देण्याची. यंत्राला रिकामं मिनिट दिसतं, त्याचं कारण दिसत नाही. आणि जे दिसत नाही ते भरून द्यायची जबाबदारी, कुणी कधी ठरवलं नव्हतं तरी, आपोआप माणसावर येऊन पडते. पूर्वी पर्यवेक्षकाला कुणावर संशय आला तर शोध त्यानं घ्यायचा असे. आता संशयसुद्धा नसतो. नुसती लाल ओळ असते आणि आपण आपली बाजू मांडत असतो.

माझे वडील एसटीत कंडक्टर होते. त्यांना हे पटायचं नाही. म्हणायचे, “आमच्यावर काय कमी नजर होती? ड्युटीवर निघताना स्वतःच्या खिशातले पैसेसुद्धा वेबिलावर लिहून द्यायचे.” खरंच आहे. वाटेत कुठल्याही थांब्यावर तपासणी पथक गाडीत चढायचं, माणसं मोजायचं, तिकिटं बघायचं, बॅगेतली रोकड मोजून वेबिलाशी ताडायचं. एक रुपया जास्त निघाला तरी लेखी उत्तर. मी विचारलं, मग तुम्हाला जाच नाही वाटला? त्यावर ते जे म्हणाले ते मी पुढे अनेकदा आठवलं आहे. “अगं, पण चेकर उतरायचा की. तो उतरला की पुढच्या थांब्यापर्यंत गाडी माझी.” त्या दोन थांब्यांमध्ये ते म्हातारीला तिच्या वस्तीपाशी उतरवायचे, शाळेच्या पोरांसाठी अर्धं मिनिट थांबायचे, घाटात चहाला गाडी लावायचे. यातलं कशाचंही कारण त्यांनी कुणाला दिलं नाही. माझ्या स्क्रीनवरचा चेकर कधीच उतरत नव्हता.

आता त्या सहा नंबरच्या बटणाची गोष्ट.

एका वर्षी आमच्या मासिक आढाव्यात सिस्टिम इश्यूचा वेळ वाढताना दिसू लागला. क्लायंटनं विचारलं. आमच्या मॅनेजरनं आयटीला धारेवर धरलं. आयटीनं हेडसेट बदलले. आकडा हलला नाही. मग संगणकांची मेमरी वाढवली, त्यावर बऱ्यापैकी खर्च झाला. आकडा जागच्या जागी. नेटवर्कवाला बाहेरून बोलावला, त्यानं दोन दिवस तारा तपासल्या आणि सगळं ठीक असल्याचं लिहून दिलं.

मला तेव्हा कामाचा भाग म्हणून तो आकडा माणसावार आणि वेळेवार काढायला सांगितला होता. काढला आणि हसू आलं. एका मुलीचा संगणक रोज रात्री नऊच्या सुमाराला चार मिनिटांसाठी बिघडत होता. दुसऱ्या एकीचा साधारण दर तीन तासांनी, वीस-वीस मिनिटं. एका वयस्क गृहस्थांचा जेवणाच्या सुट्टीच्या थोडा आधी. आणि रमजानच्या महिन्यात पाच-सात संगणक सूर्यास्ताला, दिवसागणिक मिनिटभर वेळ बदलत, एकदम बंद पडत होते. एवढे पंचांग पाळणारे बिघाड कुठल्या इंजिनिअरनं पाहिले असतील?

त्यातले बरेच मला बायकांच्या वॉशरूममधल्या गप्पांवरून ठाऊक होते. नऊवाली आपल्या पोराला झोपायच्या आधी फोन करायची, तो नाशिकला आजीपाशी होता. तीन तासांवाली नुकती बाळंतपणाच्या रजेवरून परतली होती आणि दूध काढून ठेवण्यासाठी वरच्या मजल्यावरच्या फर्स्ट एडच्या खोलीत जायची. ते गृहस्थ इन्सुलिन टोचून घ्यायचे. या लोकांना काही लपवायचं होतं असं नाही. त्यांना फक्त सांगायचं नव्हतं. दोन्हींत पुष्कळ फरक आहे. सहा आकड्यांच्या यादीत त्यांच्या कारणाला जागा नव्हती, म्हणून त्यांनी एकमेकांना न विचारता एकच जागा शोधली, जिथे कुणी “काय झालं?” म्हणणार नाही. कारण संगणक बिघडला तर खुलासा संगणकाला मागायचा असतो.

मी अहवालात वेळेचं कोष्टक दिलं, कारणं लिहिली नाहीत. ती मला स्क्रीननं सांगितलेली नव्हती. मॅनेजर हुशार होता, त्याला कोष्टकावरून समजायचं ते समजलं. पुढच्या महिन्यापासून नियम आला: सहा नंबर दाबायचा तर आयटीकडे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक टाकायचा. आकडा पंधरवड्यात खाली आला. आढाव्यात टाळ्या वाजल्या. आणि ती बाळंतीण आपल्या चोविशीतल्या, लग्न न झालेल्या टीम लीडरसमोर उभी राहिली, दर तीन तासांनी वीस मिनिटं कशाला लागतात ते सांगायला. तो बिचारा तिच्यापेक्षा जास्त लाजला. त्यानं लगेच हो म्हटलं, वर मेल टाकून परवानगीही आणली, त्या मेलमध्ये सात माणसांची नावं होती. तिला वेळ मिळाला. पण महिनाअखेरीला तिनं राजीनामा दिला. एक्झिट इंटरव्ह्यूच्या कागदावर कारण लिहिलं, ‘घरगुती.’

नजरेमुळे काम सुधारतं का, हे मला फार लोक विचारतात. मोजतात ते सुधारतं. आमच्याकडे फोनचा सरासरी वेळ मोजायचे, तो खाली आला. कसा, तेही सांगते. अवघड फोन आला की दुसऱ्या विभागाला जोडून द्यायचा. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात सरासरी जास्त दिसली की दोन-चार फोन पहिल्या पाच सेकंदांत ‘चुकून’ कटायचे. ग्राहकाला “तासाभरानं राउटर बंद करून चालू करा आणि नाही झालं तर पुन्हा फोन करा” सांगायचं. तो पुन्हा करायचाच, पण तो फोन दुसऱ्या कुणाच्या खात्यात. पूर्वी नवीन मुलगा अडकला की शेजारचा जुना माणूस आपला फोन म्यूट करून, वाकून, कुठे क्लिक करायचं ते दाखवायचा. ते वाकणं बंद झालं. वाकणाऱ्याचे चाळीस सेकंद त्याच्याच नावावर पडत. कुणी कुणाला मदत करायची नाही असा नियम कधीच निघाला नाही, आणि मदत बंद पडली.

एक प्रकारचे फोन मात्र कुणालाच कमी वेळात आटपता येत नसत. नवरा किंवा बायको गेल्यावर त्यांच्या नावावरचा टेलिफोन बंद करायला येणारे. तारीख विचारायची, दाखल्याचं विचारायचं, शेवटचं बिल सांगायचं. समोरचा म्हातारा माणूस पत्ता सांगता सांगता थांबायचा. आमची मुलं चांगली होती, थांबू द्यायची. पण फोन ठेवल्यावर लगेच पुढची घंटी येते आणि तिथे कुणीतरी ब्रॉडबँडच्या वेगावरून ओरडत असतो. मधे दोन मिनिटं लागतात. त्या दोन मिनिटांना आकडा नव्हता. कोल्हापूरचा एक मुलगा अशा फोननंतर शांतपणे एक नंबर दाबून आपल्या ब्रेकमधली दोन मिनिटं खर्च करायचा. मी त्याला म्हटलं, टीम लीडरला सांगून कोचिंगमध्ये टाकून घे की. तो म्हणाला, “ताई, सांगायला लागलो की मला परत ते सगळं आठवतं. त्यापेक्षा चहा कमी पिईन.”

माझ्या टेबलाबद्दल दोन शब्द सांगून पुढे जाते. आमचीच स्क्रीन लीड्समध्ये क्लायंटच्या टेबलावर जशीच्या तशी दिसायची. लाल ओळ मी तीन मिनिटांत हटकली नाही तर मला तिकडून निरोप यायचा. मी टॉयलेटला जाताना शेजारच्याला स्क्रीन बघायला सांगून जायची. बघणाऱ्याला लोक सत्ताधीश समजतात, पण बहुतेक वेळा तो फक्त साखळीतला पुढचा दुवा असतो.

मग २०२० चा मार्च. २४ तारखेच्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली आणि त्या आठवड्यात आमचे संगणक गाड्यांमध्ये घालून लोकांच्या घरी पोचवले गेले. कुणाचं घर येरवड्याला दहा बाय बाराचं, कुणी आधीच सांगलीला गावी पोचलेला. पहिले काही महिने कौतुकाचे होते. नंतर वेबकॅमचं सॉफ्टवेअर आलं. ते ठरावीक वेळानं फोटो काढायचं, आणि चित्रात दुसरा चेहरा, मोबाईल किंवा रिकामी खुर्ची दिसली की इशारा पाठवायचं. ग्राहकांची माहिती घरातल्या टेबलावर उघडी असताना क्लायंटला काहीतरी खात्री हवी होती, हे मी समजू शकते. इशारे माझ्या टेबलावर यायचे. त्यांत मी काय काय पाहिलं! सासूबाई मागच्या फळीवरून डबा काढताहेत. पोरगं हेडफोनची वायर ओढतंय. एका घरात मागे भिंतीवर आजोबांचा मोठा हार घातलेला फोटो होता, त्याला यंत्र रोज ‘दुसरी व्यक्ती’ ठरवायचं. शेवटी त्या मुलानं फोटोवर टॉवेल टाकला, पाळीपुरता. त्याच्या आईला ते आवडलं नाही, पण तिनं काढला नाही.

फ्लोअरवर निदान पगार घेणाऱ्यालाच खुलासा द्यावा लागत होता. आता घरातल्या सगळ्यांच्या हालचालींचं कारण तो देऊ लागला. “मॅडम, ती माझी बहीण होती, अंघोळीवरून आली, तो फोटो कृपया काढून टाका,” असा निरोप मला एका मुलीनं रात्री अकराला पाठवला. फोटो काढून टाकायची सोय माझ्याकडे नव्हती. ती कुणाकडे होती हे शोधायला मला चार दिवस लागले. शोधून काढायला लावला.

आयटीत असलेला माझा मामेभाऊ त्या काळात मला हसायचा. त्यांच्याकडे फोनबिन नसतात, पण चॅटच्या नावापुढचा हिरवा ठिपका असतो. पाच-दहा मिनिटं माउस हलला नाही की तो पिवळा होतो. हा गडी विचार करताना खिडकीत उभा राहणारा, प्रोग्रॅमर विचार करणार तरी कुठे? त्यानं जुनं काट्यांचं घड्याळ टेबलावर ठेवलं आणि त्यावर माउस. सेकंदकाटा फिरतो, माउसला वाटतं हात हलतोय. पुढे २०२४ मध्ये अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेनं कीबोर्ड चालू असल्याचा आभास केल्याबद्दल डझनाहून अधिक लोकांना कामावरून काढलं, ती बातमी मी त्याला पाठवली. त्यानं घड्याळ काढलं आणि खिडकीत उभं राहणंही सोडलं.

जगात इतरत्र काय चाललंय याचा मागोवा मी धंद्याचा भाग म्हणून घेत आले. बार्कलेज बँकेनं लंडनच्या मुख्यालयात कर्मचाऱ्यांच्या संगणकावरचा वेळ मोजणारं सॉफ्टवेअर बसवलं होतं, ते फेब्रुवारी २०२० मध्ये बोभाटा झाल्यावर मागे घ्यावं लागलं. ते सेपियन्स नावाचं सॉफ्टवेअर मूळचं आपल्या पुण्यात जन्मलेलं, हे वाचून मला काय वाटलं ते सांगता येत नाही, थोडा अभिमान, थोडं कानकोंडं. नागपूर महापालिकेनं सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळं बांधली, तेव्हा कामगार बायकांनी घेतलेली शंका मात्र मला नेमकी समजली. घड्याळात कॅमेरा असेल का, टॉयलेटला जाताना काय करायचं, हे काढायचं की ठेवायचं? काढलं तर ते का काढलं हे सांगावं लागणार.

फ्रान्समधली गोष्ट सर्वांत जवळची वाटली. तिथल्या माहिती संरक्षण आयोगानं जानेवारी २०२४ मध्ये ॲमेझॉनच्या गोदाम कंपनीला तीन कोटी २० लाख युरोंचा दंड केल्याचं जाहीर केलं. गोदामातल्या कामगाराच्या हातातला स्कॅनर दहा मिनिटांहून अधिक थांबला तर नोंद, त्याहून कमी थांबला तरी वेगळी नोंद, आणि एक वस्तू स्कॅन केल्यावर सव्वा सेकंदाच्या आत दुसरी केली तर घाई केल्याची नोंद. आयोगाचा आक्षेप मोजण्याला नव्हताच. इतकं बारीक मोजलं की कामगारावर प्रत्येक थांबण्याचं कारण देण्याची वेळ येऊ शकते, याला होता. माझ्या टेबलावर मला जे वर्षानुवर्षं जाणवत होतं ते कुणीतरी सरकारी कागदावर लिहिलेलं पाहून मी तो मजकूर दोनदा वाचला. आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातलं सातवं कलम नोकरीच्या कामासाठी आणि मालकाचं नुकसान टाळण्यासाठी कर्मचाऱ्याची माहिती त्याच्या संमतीशिवाय वापरू देतं. संमती मागितली तरी नोकरीत नाही कोण म्हणणार, हा भाग वेगळा.

मी आता दुसरीकडे आहे. काम देशातलंच, विम्याचं, भाषा मराठी आणि हिंदी. इथे ब्रेकच्या बाबतीत सैलपणा आहे. दहा मिनिटांपर्यंतचं अंतर कुणी विचारत नाही. मी रोस्टर लावताना माणसं थोडी जास्त धरते, एरलांगच्या हिशेबात एखाददुसरं माणूस वाढवलं की केवढा फरक पडतो ते ठाऊक असल्यामुळे, आणि दर तिमाहीला त्यावरून माझी वरच्यांशी बाचाबाची होते. कधी मी जिंकते, कधी नाही.

पण इथे नवीन पाहुणा आला आहे. पूर्वी क्वालिटीचे लोक प्रत्येकाचे महिन्याला चार-पाच फोन ऐकून गुण द्यायचे. आता सॉफ्टवेअर सगळेच फोन ऐकतं आणि प्रत्येकाला आपुलकीचे, आवाजाच्या सौम्यतेचे, ग्राहकाच्या समाधानाचे गुण देतं. त्यावर महिन्याचा इन्सेंटिव्ह ठरतो. मला आधी ते बरं वाटलं होतं. निदान यंत्र “काय झालं?” तरी विचारत नाही.

तोच पेच निघाला. एका मुलाचा इन्सेंटिव्ह सलग दोन महिने कापला गेला. चांगला मुलगा, ग्राहक त्याचं नाव घेऊन परत फोन करतात. तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, “ताई, माझं काय चुकलं ते सांगा, मी उत्तर देतो.” मी त्याचं पान उघडलं. आपुलकी ६२, संघर्ष ‘उच्च’. टीम लीडरला विचारलं, त्याला माहीत नाही. सॉफ्टवेअर कंपनीच्या माणसाला विचारलं, तो म्हणाला मॉडेल तसं दाखवतंय. इतकी वर्षं मी खुलासा मागण्याला वैतागलेली, आणि आता द्यायला तयार असलेला माणूस समोर उभा होता तर घ्यायला कुणी नव्हतं.

शेवटी मी आणि त्याचा टीम लीडर हेडफोन लावून बसलो. त्याच्याकडे सातारा-सांगलीकडचे फोन जास्त येत होते. शेतावरून, एसटी स्टँडवरून, लग्नाच्या मांडवातून बोलणारी माणसं. तिकडे फोनवर हळू बोलतं कोण? “ओ साहेब, पैसं जमा झालं का न्हाई तेवढं सांगा की!” असं एक काका ओरडत होते, पैसे जमा झालेत कळल्यावर त्याहून मोठ्यानं ओरडले, “देव तुमचं भलं करो!” मागे ट्रॅक्टर चालू होता, त्यामुळे आमचा मुलगाही ओरडूनच बोलत होता. यंत्रानं दोघांचं भांडण झालं असं धरलं होतं.

त्या महिन्याचे त्याचे गुण आम्ही हातानं दुरुस्त केले. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच झालं. सॉफ्टवेअरवाले सुधारणा करू म्हणतात, करतीलही. तोवर दर महिनाअखेरीला आम्ही दोघं एक दुपार बसून असे फोन कानानं ऐकतो. त्या दुपारसाठीही यादीत आकडा नाही. आम्ही ती मीटिंगमध्ये टाकतो.